थैली कुठे आहे? खानदेशातील एका ग्राफिक डिझायनरच्या ऑनलाइन पोर्टफोलिओची पुनर्रचना

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानदेशातील एका तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनरचे आहे. ते त्यांच्या संमतीने लिहिले असून त्यांची आणि त्यांच्या ग्राहकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पुण्यात उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन त्या गावी परतल्या, काही वर्षे त्यांनी एका ऑफसेट प्रेसमध्ये नोकरी केली आणि नंतर घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. संकेतस्थळांची मांडणी करणे हे माझे काम असल्याने, आपला जुना पोर्टफोलिओ नव्याने उभा करावा असे त्यांच्या मनात आले तेव्हा आमची गाठ पडली.

त्यांच्याकडे येणारे काम एका साच्याचे नाही, आणि हे या भागाचेच वैशिष्ट्य आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकाला निर्यातीचे खोके हवे असते, जळगावकडच्या डाळमिलला थैली, नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याला तिखटाचे पाकीट, सराफाला दिवाळीची जाहिरात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे लग्नपत्रिकांची रीघ लागते. मधूनच एखादे महाविद्यालय आपले वार्षिक नियतकालिक घेऊन येते, तर कोणी निवृत्त शिक्षक अहिराणी कवितांच्या संग्रहाचे मुखपृष्ठ मागतात. मोठ्या शहरात ही कामे चार वेगवेगळ्या माणसांकडे गेली असती. येथे ती एकाच हातून होतात. हा विस्तार त्यांचे सामर्थ्य होता, पण पोर्टफोलिओत त्याचाच गुंता झाला होता.

समस्या

जुने संकेतस्थळ सहा वर्षांपूर्वी एका तयार साच्यावर उभे केलेले होते. ते उघडताच काळ्या पडद्यावर त्यांचे बोधचिन्ह रेषेरेषेने उमटत असे, त्यानंतर कोपऱ्यात तीन आडव्या रेषा दिसत, आणि त्या दाबल्यावर आयडेंटिटी, पॅकेजिंग, एडिटोरियल आणि एक्स्प्लोरेशन्स असे चार विभाग उघडत. प्रत्येक विभागात चित्रांची दाट चौकट होती. एकूण चित्रे एकशे चाळीसच्या आसपास होती आणि एकाखालीही मजकूर नव्हता. चित्र मोठे करून पाहिल्यावर मागे यावे, तर पुन्हा त्या काळ्या पडद्यापासून सुरुवात होत असे.

त्यांना हे सारे आवडत होते, आणि दिसायला ते खरोखरच देखणे होते. अडचण त्यांच्या लक्षात आली ती एका डाळमिलच्या मालकांमुळे. हे गृहस्थ त्यांचे जुने ग्राहक होते. थैलीचा आकार बदलायचा म्हणून ते घरी आले असता त्यांनी स्वतःच्या फोनवर संकेतस्थळ उघडले, बराच वेळ बोट फिरवले आणि शेवटी विचारले, "ताई, दायन्या थैल्या कोठे शेतस?" थैल्या तेथे होत्या, पण 'पॅकेजिंग'मध्ये नव्हत्या. त्या मिलचे बोधचिन्ह, लेटरहेड आणि थैली हे एकत्रित काम असल्यामुळे ते 'आयडेंटिटी' या विभागात ठेवले होते. शिक्षणाच्या दृष्टीने हे वर्गीकरण अचूक होते. ज्यांची थैली होती त्यांना मात्र ती सापडली नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट टोकाचा आहे. पुण्याच्या एका जाहिरात संस्थेला खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी बाहेरचा हात हवा होता. तेथील व्यक्तीने संकेतस्थळ पाहून एवढेच विचारले, की या खोक्यात तुमचे नेमके काय आहे, रेखाचित्र, अक्षरे की सगळी मांडणी? हे संकेतस्थळावर कोठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे उत्तर फोनवर द्यावे लागले आणि पुढे काम आले नाही. काम न येण्याचे कारण तेवढेच होते असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर पानावर असायला हवे तो फोनवर विचारावा लागला हे खरे.

या दोन प्रसंगांवरून मला जे वाटले ते मी त्यांना पहिल्याच बैठकीत सांगितले. पोर्टफोलिओ उघडणारा माणूस 'तुम्ही काय काय करता' हे पाहायला येत नाही. 'माझ्यासारख्याचे काम तुम्ही केले आहे का' हा एकच प्रश्न घेऊन तो येतो. त्याला तेवढे उत्तर लवकर मिळावे हीच सोपेपणाची कसोटी धरायची, आणि रंग, साचा, हालचाल या सगळ्यांचा निर्णय तिच्यावर घासून घ्यायचा, असे ठरले.

पर्यायांचा विचार

संकेतस्थळ हवेच का, या प्रश्नापासून आम्ही सुरुवात केली. त्यांचे समाजमाध्यमावरील खाते चांगले चालत होते आणि त्याला खर्च नव्हता. मात्र तेथे नवे काम वर येते आणि जुने खाली जाते. तीन वर्षांपूर्वीचे केळीचे खोके शोधायला सांगणे म्हणजे ग्राहकाला रद्दी चाळायला बसवणे होते. बिहान्ससारख्या व्यासपीठावर कामे नीट मांडता येतात, पण तेथे येणारा वर्ग मुख्यतः डिझायनर आणि संस्थांचा असतो. धुळ्याचा सराफ तेथे जात नाही.

तिसरा पर्याय सर्वांत प्रामाणिक होता, कारण प्रत्यक्षात व्यवहार तसाच चालत होता. ग्राहक म्हणत असे, "नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर टाका," आणि त्या एक जड पीडीएफ पाठवत. ती उतरवून घ्यायला वेळ लागे, आणि पत्रिका हवी असलेल्याला त्यात आधी मिरचीची पाकिटे पाहावी लागत. हा पर्याय आम्ही नाकारला, पण त्यातली सवय मात्र उचलली. खानदेशात, आणि बहुधा इतरत्रही, लोक संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरून आत शिरत नाहीत. कोणीतरी पुढे पाठवलेल्या दुव्यावरून थेट एखाद्या पानावर उतरतात. म्हणून प्रत्येक कामाला स्वतंत्र पान, स्वतंत्र दुवा आणि तो दुवा पाठवल्यावर संदेशात दिसणारे योग्य चित्र व शीर्षक असलेच पाहिजे, असे ठरले. पुढे केलेल्या सर्व मांडणीचा पाया हाच निर्णय ठरला. अशी पाने सहज करता येतील असे स्वतःच्या नावाचे छोटे संकेतस्थळ हा चौथा पर्याय आम्ही स्वीकारला.

कोणती कामे ठेवायची

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याने घेतला. एकशे चाळीस चित्रांतून अठरा कामे निवडायची होती, आणि प्रत्येक चित्रामागे त्यांच्या आयुष्यातला एखादा महिना उभा होता. निवडणुकीचे फलक त्यांनी स्वतःहून बाजूला काढले. प्रेसमध्ये नोकरीत असताना केलेली तीन कामे ठेवली, पण 'नोकरीत असताना. माझा वाटा मांडणीपुरता' असे त्यांखाली स्पष्ट लिहिले. पुण्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पानावर देण्याची सुरुवात येथून झाली.

खरा मतभेद झाला तो लग्नपत्रिकांवरून. पत्रिका हे काम हलके समजले जाते, संस्थांतील लोक ते पाहून आपल्याला गंभीरपणे घेणार नाहीत, अशी त्यांना भीती वाटत होती. माझे म्हणणे असे होते, की घर ज्या कामावर चालते ते लपवून ठेवणारा पोर्टफोलिओ अर्धवट असतो, आणि त्यांच्या काही पत्रिकांतील अक्षररचना त्यांच्या कोणत्याही वेष्टनापेक्षा सरस होती. अखेर चार पत्रिका ठेवल्या.

त्यांच्या 'एक्स्प्लोरेशन्स'मध्ये बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांची हाताने केलेली अक्षरचित्रे होती. कोणी मागितलेली नव्हती. आसोद्याच्या या कवयित्रीवरच्या प्रेमापोटी त्यांनी ती फावल्या वेळात केली होती. ती काढावीत असे मी सुचवले, कारण कोणताही ग्राहक त्या प्रश्नासह येणार नव्हता. त्यांनी नकार दिला आणि ती 'माझ्याविषयी' या पानाच्या तळाशी राहिली. या निर्णयाकडे पुढे परत यावे लागेल.

निवडलेल्या कामांची छायाचित्रे नव्याने काढली. पूर्वी संगणकावरची सपाट चित्रेच लावलेली होती. डाळीची थैली डाळ भरल्यावर फुगते, तिच्यावरचे चित्र बाजूला वळते, शिवणीपाशी अक्षर दबते. हे लक्षात घेऊनच त्यांनी ती आखलेली असते, पण सपाट चित्रात ही हुशारी दिसतच नाही. म्हणून भरलेल्या थैल्या गिरणीच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात ठेवून टिपल्या.

विभागांची नावे

कामांची छोटी छायाचित्रे छापून त्यांचे चाळीस पत्ते केले आणि सहा जणांना वेगवेगळे बसवून, सारखी वाटणारी कामे एकत्र ठेवायला व त्या गठ्ठ्याला नाव द्यायला सांगितले. त्यांत दोन व्यापारी, एक प्रेसचालक, एक प्राध्यापक, मुलीच्या लग्नाची पत्रिका करून गेलेल्या एक बाई आणि डिझायनर ताईंची पुण्यातील एक मैत्रीण होती.

'आयडेंटिटी' असा गठ्ठा मैत्रीण वगळता कोणीही केला नाही. थैल्या आणि खोकी, पत्रिका, पुस्तके, दुकानाचे बोर्ड अशी वस्तूंची नावेच बहुतेकांनी दिली. बोधचिन्हांवर मात्र एकमत झाले नाही. व्यापाऱ्यांनी चिन्ह थैलीबरोबर ठेवले, कारण त्यांच्या दृष्टीने ते थैलीवरचेच असते. प्राध्यापकांनी आणि मैत्रिणीने चिन्हांचा वेगळा गठ्ठा केला. कोणा एकाचे ऐकावे तर दुसरा वाट चुकणार होता. विभाग म्हणजे कपाट नव्हे, वाट आहे, असे मानल्यावर हा पेच सुटला: डाळमिलचे पान एकच, पण 'थैल्या आणि खोकी'तूनही तेथे पोहोचता येते आणि 'बोधचिन्हे'तूनही. कागदी नमुनेवहीत जे करता येत नाही ते येथे करता येत होते, आणि तरीही जुन्या संकेतस्थळावर प्रत्येक काम एकाच कप्प्यात बंद होते.

विभागाच्या नावात चमक नसली तरी चालेल, पण ते ग्राहकाच्या तोंडचे असावे, असे माझे ठाम मत आहे. 'थैल्या आणि खोकी' हे नाव त्यांना प्रथम फार साधे वाटले होते.

भाषा आणि अक्षरे

मुख्य भाषा मराठी ठेवायची आणि प्रत्येक पानाच्या तळाशी इंग्रजीत चार ओळींचा सारांश द्यायचा, हे लवकर ठरले. अडचण दुसरीकडेच निघाली. त्यांची जुनी सर्व कामे कोरलड्रॉ या चित्रांकनाच्या प्रणालीत, युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या काळातील मराठी फाँट वापरून केलेली होती. अशा फाँटमध्ये पडद्यावर 'डाळ' दिसत असले तरी आत रोमन अक्षरांचीच चिन्हे साठवलेली असतात. मजकूर उचलून संकेतस्थळावर ठेवला की निरर्थक अक्षरे उमटतात. त्यामुळे सारा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करावा लागला. कष्टाचे काम होते, पण त्यामुळे शोधयंत्राला तो वाचता येऊ लागला आणि चित्रांना जोडलेली वर्णने अंध वाचकाच्या पडदावाचकाला, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही, कळू लागली.

मजकुरासाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्त' हा खुला फाँट घेतला. देवनागरीत मात्रा, रफार वर आणि उकार खाली येत असल्याने इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तिला अपुरे पडते; ते वाढवले. पानाची भाषा मराठी असल्याचे पानाच्या संहितेत (कोडमध्ये) नोंदवले, कारण अनेक फाँट या नोंदीवरूनच राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मान्य केलेले पाकळीचा ल आणि देठाचा श निवडतात. अक्षरांवर जगणाऱ्या व्यक्तीच्या संकेतस्थळावर हिंदी वळणाचा ल असणे मला तरी पटले नसते.

जुन्या मजकुराचा रंग पांढऱ्यावर फिकट राखाडी होता. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशभेद किमान ४.५ : १ असावा असा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि तो त्यात बसत नव्हता. मे महिन्यात बाजार समितीच्या आवारात उभे राहून फोन पाहणाऱ्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पाने आणि मार्ग

उमटणारे बोधचिन्ह काढले. तीन आडव्या रेषांच्या जागी कामे, माझ्याविषयी आणि संपर्क हे तीन शब्द उघडे ठेवले. जेथे शब्द मावतात तेथे ते लपवण्याचे कारण नव्हते. मुखपृष्ठावर एक वाक्य, खाली विभागांच्या पट्ट्या आणि लगेच कामे. प्रत्येक कामाच्या पानावर ठरावीक क्रम पाळला: वस्तू काय, कोणासाठी, अडचण काय होती, माझा वाटा किती, छपाई कशावर. त्याखाली त्याच प्रकारची आणखी दोन कामे, म्हणजे मागे न जाताही पुढे जाता येते.

चित्रांचे वजन कमी करणे हे गाजावाजा न होणारे पण निर्णायक काम होते. कॅमेऱ्यातून आलेल्या सहा-सात मेगाबाइटच्या फायली रुंदी १६०० पिक्सेलवर आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवल्या आणि पडद्याबाहेरची चित्रे वाचक तेथे पोहोचेपर्यंत मागवायची नाहीत अशी योजना केली. छपाईच्या शाईसाठीच्या सीएमवायके रंगपद्धतीतील फायली तशाच चढवल्याने केळीच्या खोक्याचा पिवळा रंग ब्राउझरमध्ये विचित्र दिसत होता. त्या पडद्यासाठीच्या एसआरजीबी रंगपद्धतीत बदलल्यावर तो ताळ्यावर आला.

त्यानंतर एका जुन्या, स्वस्त फोनवर पाच जणांना प्रत्येकी चार कामे शोधायला दिली. डाळमिलच्या मालकांना थैली दोन वेळा बोट लावून सापडली. अपयश आले ते 'संपर्क'मध्ये. तेथे आम्ही नाव, विषय, निरोप असा रीतसर अर्ज ठेवला होता. पाचपैकी कोणीही तो भरला नाही, सर्वांनी फोन नंबर शोधला. अर्ज काढून टाकला, नंबर ठळक दिला आणि प्रत्येक कामाच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपचे बटण ठेवले. ते दाबल्यावर 'हे काम पाहिले, अशा प्रकारचे हवे आहे' असा निरोप त्या पानाच्या दुव्यासह आधीच लिहिलेला येतो. ग्राहकाने फक्त पाठवायचे.

एक चूक

संकेतस्थळ सुरू झाल्यावर आठवड्याभरातच एका बियाणे व्यावसायिकाचा संतप्त फोन आला. त्याच्या कपाशीच्या बियाण्याचे नवे पाकीट आम्ही दाखवले होते. छपाई झाली होती, पण खरिपाची विक्री सुरू व्हायची होती आणि पाकीट बाजारात आलेले नव्हते. पान तासाभरात काढले आणि ताई स्वतः जाऊन भेटून आल्या. छापले म्हणजे जाहीर झाले, असे त्यांनी गृहीत धरले होते. मीही विचारले नव्हते, आणि विचारणे माझेच काम होते. आता काम हाती घेतानाच, ते कधीपासून दाखवता येईल हा प्रश्न लेखी विचारला जातो. ते ग्राहक टिकले, परंतु त्यांचे पाकीट आजही पोर्टफोलिओत नाही.

परिणाम

'नमुने टाका' ही मागणी बंद झालेली नाही, पण आता त्यावर पीडीएफऐवजी एका विभागाचा दुवा जातो. येणारा निरोप कोणत्या कामावरून आला हे त्यातल्या दुव्यावरून कळते, आणि पहिल्या चार महिन्यांत सर्वाधिक विचारणा पत्रिकांवरून, त्यानंतर थैल्यांवरून झाली. बोलणीही नेमकी झाली. 'काहीतरी चांगले करा' याऐवजी 'या खोक्यासारखे, पण दोनच रंगांत' अशी सुरुवात होऊ लागली.

याचा भारही पडला. आखाजीच्या तोंडावर पत्रिकांच्या मागण्या इतक्या आल्या की काहींना नकार द्यावा लागला. पत्रिकांच्या पानावर 'किमान तीन आठवडे आधी कळवावे' ही ओळ त्यानंतर आली. दर लिहायचे की नाही यावर आमचे एकमत झालेले नाही. निदान पत्रिकांसाठी सुरुवातीचा दर द्यावा असे मला वाटते. दर वाचून माणूस बोलायच्या आधीच परत जातो असा त्यांचा अनुभव आहे, आणि पान त्यांचे असल्याने तेथे दर नाहीत.

आज पुन्हा करायचे तर

जुन्या संकेतस्थळावरून किती विचारणा येत होत्या याची नोंद बदल करण्यापूर्वी दोन महिने ठेवली असती, तर आज परिणामाबद्दल अधिक ठामपणे लिहिता आले असते. जुन्या फोनवरची चाचणीही शेवटी न करता कच्च्या आराखड्यावरच घ्यायला हवी होती. संपर्काचा अर्ज बांधण्यात गेलेले दिवस वाचले असते.

त्याहून मोठी चूक बहिणाबाईंच्या अक्षरचित्रांबाबत झाली. पुण्याच्या दुसऱ्या एका संस्थेने त्यांना मसाल्यांच्या मालिकेचे काम दिले, आणि त्यामागचे कारण म्हणून त्या संस्थेने नेमकी 'माझ्याविषयी'च्या तळाशी असलेली ती अक्षरचित्रे सांगितली. मराठी अक्षर हाताने घडवू शकणारे कोणी त्यांना हवे होते. 'माझ्यासारख्याचे काम केले आहे का' ही माझी कसोटी व्यापाऱ्यासाठी बरोबर होती, पण संस्थेचा माणूस 'तुमचा हात कसा आहे' हा वेगळा प्रश्न घेऊन आला होता. दोन वाचकवर्ग आहेत हे मला पहिल्या बैठकीपासून माहीत असूनही मी कसोटी एकच लावली.

संकेतस्थळाच्या माथ्यावर आता चार शब्द आहेत: कामे, अक्षरे, माझ्याविषयी, संपर्क. 'अक्षरे' या पानावर ओव्यांची अक्षरचित्रे आहेत, आणि जिथे मूळ पेन्सिलची कच्ची रेखाटने सापडली तिथे तीही शेजारी ठेवली आहेत. नवे काम आले की जुने एक उतरवायचे, म्हणजे संख्या अठराच्या वर जाणार नाही, असा नियम त्यांनी घातला आहे. डाळमिलच्या नव्या आकाराच्या थैल्या छापून आल्या आहेत, परंतु त्यांचे पान अजून झालेले नाही. नवी तूर गिरणीत येईपर्यंत थैल्या रिकाम्या आहेत, आणि रिकाम्या थैलीचे छायाचित्र लावायला ताई तयार नाहीत.